‘मी तिथं नव्हतोच’ : खुनाच्या अपिलातल्या बचावाची पार्श्वभूमी

‘गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडेच होतो’ या बचावाचं मूळ म्हणजे १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम ११. तिथलं उदाहरण वकिलीच्या पहिल्या वर्षापासून पाठ असतं: गुन्हा कलकत्त्यात घडला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरात होता. १ जुलै २०२४ पासून हेच कलम नव्या साक्ष अधिनियमात कलम ९ झालं आणि कलकत्ता-लाहोरची जागा चेन्नई-लडाखने घेतली. बाकी मजकूर जवळजवळ जसाच्या तसा आहे. पण त्या उदाहरणाला दुसरंही वाक्य आहे, आणि ते फारसं कुणी वाचत नाही. गुन्ह्याच्या सुमारास आरोपी इतका दूर असेल की त्याने तो करणं अशक्य नसलं तरी फारच असंभवनीय ठरावं, तर तेवढीही बाब न्यायालयापुढे आणता येते. ‘अशक्य नसलं तरी’ हे शब्द कायद्याचेच आहेत. पुढचा सगळा गुंता या शब्दांकडे झालेल्या दुर्लक्षातून निघाला, असं माझं मत आहे.

साक्षीदाराच्या बाजूचा इतिहास त्या मानाने सरळ आहे. साक्षीदार किती असावेत याला संख्या नाही, हे कायद्यातच होतं. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार पाडले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि अधलेमधले. पहिल्या प्रकारातला एकटा साक्षीदारही शिक्षेला पुरेसा ठरतो. तिसऱ्या प्रकारातल्याला मात्र दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. मृताचा भाऊ किंवा बायको साक्षीला उभी राहिली की ‘नात्यातला साक्षीदार’ म्हणून आक्षेप येतोच. त्याचं उत्तर १९५३ पासून ठरलेलं आहे: जवळचा माणूस खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्यालाच सहसा अडकवणार नाही. हे तत्त्व म्हणून ठीक. पण जुनं वैर असलेल्या गावात खऱ्या मारेकऱ्यासोबत दोन-चार जादा नावं फिर्यादीत घुसतात, हेही न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केलं आहे. आणि ‘मी तिथं नव्हतो’ म्हणणारा पुष्कळदा त्या जादा नावांतलाच एक असतो.

१९८१ चं अलाहाबादचं प्रकरण इथे महत्त्वाचं. खून शहरात झाला होता आणि आरोपीचं म्हणणं होतं की तो शहराजवळच्या नैनीतल्या कारखान्यात कामावर होता. बचाव मान्य झाला नाही, फाशीची मात्र जन्मठेप झाली. त्या निकालाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, बचावाच्या साक्षीदारांना सरकार पक्षाच्या साक्षीदारांइतकीच वागणूक द्या. बचावाचे साक्षीदार खोटं बोलतात हे खरं, पण खोटं सरकार पक्षाचेही बोलतात. दोन, आरोपी इतका दूर असला पाहिजे की घटनास्थळी असणं त्याला शारीरिकदृष्ट्या शक्यच नव्हतं. पहिलं वाक्य भाषणांत गेलं, दुसरं निकालांत मुरलं. पुढे बिहारच्या एका अपिलात आरोपी चारशे-पाचशे यार्डांवरच्या बैठकीत असल्याचा बचाव आला, तेव्हा एवढ्याशा अंतराला ‘अन्यत्र’ म्हणता येत नाही, असं उत्तर मिळालं. ते पटण्यासारखं आहे. तेवढं अंतर चालायला किती वेळ लागतो?

खरा वाद ‘पूर्ण खात्रीने सिद्ध करा’ या शब्दप्रयोगाचा आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात तो ठळकपणे आला आणि पुढे निकालामागून निकालात उतरत गेला. कायद्यात तो कुठेच नाही. ‘सिद्ध’ची व्याख्या सुज्ञ माणसाच्या वागण्यावर बेतलेली आहे. स्वसंरक्षणाचा बचाव घेणाऱ्या आरोपीला केवळ संभाव्यतेचं पारडं आपल्याकडे झुकवावं लागतं. म्हणजे ‘मारलं, पण नाइलाजाने’ म्हणणाऱ्यावरचा भार हलका, आणि ‘मी नव्हतोच’ म्हणणाऱ्यावरचा जड! वास्तविक दुसरा बचाव हा अपवाद, म्हणजे कृत्य मान्य करून मागितलेली सूट, नव्हेच. सरकार पक्षाने आरोपीची हजेरी आधी सिद्ध करायची असते, आणि हा बचाव म्हणजे त्या हजेरीलाच नकार.

१९९६ चा बिहारच्या हत्याकांडातला निकाल याच फटीवर उभा आहे. एका परिच्छेदात तो म्हणतो की सरकार पक्षाने आपला भार पेलल्यावर आरोपीने पूर्ण खात्री द्यावी. थोडं पुढे तोच म्हणतो की बचावाच्या पुराव्याने हजेरीविषयी वाजवी संशय निर्माण झाला, तर त्याचा फायदा आरोपीला. दोन्ही एकाच वेळी कसं चालायचं? २००२ च्या गुजरातच्या अपिलात सांधा जुळवायचा प्रयत्न झाला: दोन्ही बाजूंचा पुरावा एकाच तराजूत घाला, मग सरकार पक्षाच्या पुराव्यात या बचावाला शिरायला जागा उरते का ते बघा. माझ्या मते हाच वाचण्याजोगा मार्ग. पण सरकारी वकील १९९६ च्या निकालातलं पहिलं वाक्य वाचतो, बचावाचा वकील दुसरं, आणि दोघांच्या हातात निकाल एकच असतो. २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट झालं की हा बचाव सर्वसाधारण अपवादांत मोडत नाही, तो पुराव्याचा नियम आहे. ‘पूर्ण खात्री’ मात्र तिथेही कायम राहिली.

बचाव खोटा ठरला म्हणजे खून सिद्ध झाला असं नव्हे. १९८४ च्या पुण्याच्या गाजलेल्या खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याची ‘पंचशील’, म्हणजे पाच तत्त्वं, मांडली गेली, तेव्हा हेही ठरलं की सरकार पक्षाच्या पुराव्याची साखळी आधी पूर्ण हवी. आरोपीचा खोटेपणा फार तर जादा कडी होऊ शकतो, तुटलेली कडी सांधू शकत नाही.

अपिलात अडचण वाढते. साक्षीदाराचा चेहरा, अडखळणं, उलटतपासणीतलं थांबणं सत्र न्यायाधीशाने पाहिलेलं असतं. वरच्या न्यायालयापुढे असतात ते साक्षीचे टंकलिखित कागद, आणि सोबत मस्टरची किंवा रुग्णालयाच्या नोंदवहीची प्रत. कागदावर नोंदवही पक्की दिसते. पण मस्टरवर सही सकाळी होते आणि माणूस दुपारी निघूनही जातो, म्हणून ती लिहिणाऱ्याला पिंजऱ्यात आणल्याशिवाय तिचं वजन पडत नाही. शिवाय खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलं असेल आणि पुराव्यातून दोन मतं वाजवीपणे निघत असतील, तर अपिलात सहसा हात घालत नाहीत. शिक्षेविरुद्धच्या अपिलात आरोपीला ते कवच नसतं.

आता मस्टरच्या जागी मोबाइलचे कॉल रेकॉर्ड आणि टॉवर आले आहेत. २०२० च्या निकालानंतर, मूळ उपकरण न्यायालयात हजर केलेलं नसेल तर, त्यांना ती नोंद कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र लागतंच. तो वाद जालन्याच्या निवडणूक याचिकेतून वर गेला होता. टॉवर फोनची जागा सांगतो, माणसाची नव्हे, हा सरकार पक्षाचा आक्षेप रास्त आहे. पण कंपन्यांनी हे रेकॉर्ड किमान किती काळ ठेवायचं याची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये एका वर्षाची दोन वर्षं झाली, एवढीच. खुनाच्या खटल्यात बचावाचे साक्षीदार तपासायची पाळी येते तोवर ही मुदत बहुधा उलटून गेलेली असते. पोलिसांनी ते मागवलेलं नसेल, तर आरोपीला अटकेनंतर लगेच, तुरुंगात बसून, ते जपून ठेवण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो.