चार म्हणजे आठ! : लाकडी कॅमेऱ्याचं वय शोधताना

गेल्या महिन्यात एका मित्राने जुन्या बाजारातून तिपाईवरचा लाकडी कॅमेरा आणला. सागवानी पेटी, मरून रंगाचा भाता, पुढे पितळी शटरमध्ये बसवलेलं भिंग, मागे घासलेली काच. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, १८५७ चा आहे, बंडाच्या वेळचा." मित्राने घरी नेऊन आधी चिंच-मीठ लावून पितळ लखलखीत केलं आणि मग मला फोन केला. (जुन्या भिंगाच्या पितळेला चिंच लावू नका हो! तिच्यावरचा लाखेचा मूळ थर जातो, आणि कोरलेल्या आकड्यांत भरलेला काळा रंगही जातो. जे वाचायचं तेच पुसून टाकण्यासारखं आहे हे.)

१८५७ चा कॅमेरा आपल्याकडे सापडणं अगदीच अशक्य नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात फोटो काढत होते. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे ओल्या काचेचा कॅमेरा. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि निथळती असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची. सिल्व्हर नायट्रेट उजेडात काळं पडतं. त्यामुळे अशा कॅमेऱ्याच्या काच धरणाऱ्या चौकटीत, विशेषतः खालच्या कडेला, लाकडात मुरलेले काळे डाग असतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत. शिवाय एका चौकटीत एकच काच मावते.

मित्राच्या चौकटी वहीसारख्या उघडणाऱ्या निघाल्या, दोन्ही बाजूंना एकेक काच ठेवता येईल अशा, आणि आतून स्वच्छ. म्हणजे कोरड्या काचांचा काळ. रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी काच १८७१ मध्ये सुचवली. बाजारात तयार डबे मिळू लागायला त्या दशकाची अखेर उजाडली. १८५७ तिथेच निकालात निघालं.

वय काढण्याचा मूळ नियम सोपा आहे. कॅमेरा त्याच्या सर्वांत तरुण मूळ भागापेक्षा म्हातारा असू शकत नाही. इथे 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या बिजागरीला फुलीचा स्क्रू दिसला, तर तो १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही हे नक्की. पण तो कारखान्यात बसला की नंतर कुणा मिस्त्रीने बसवला, हे बाकीचे स्क्रू बघूनच ठरवायचं. काचेचं मापही बोलतं. पावणेपाच बाय साडेसहा इंच म्हणजे ब्रिटिश हाफ प्लेट, पाच बाय सात म्हणजे बहुधा अमेरिकन, तेरा बाय अठरा सेंटिमीटर म्हणजे युरोप खंडातला. मित्राची पेटी हाफ प्लेटची होती.

शटरवर मात्र अमेरिकेतल्या बॉश अँड लॉम्ब कंपनीचं नाव आणि पेटंटची तारीख : ६ जानेवारी १८९१. मित्र खूश. "मग १८९१ चा तर नक्की!" इथेच बहुतेक जण फसतात. ती तारीख कागदाची आहे, वस्तूची नाही. अमेरिकन पेटंटं मंगळवारी दिली जातात, आणि तो दिवसही मंगळवारच होता. पेटंट मिळाल्यावर तोच ठसा वर्षानुवर्षं मारला जातो. आपल्या हाती लागते ती फक्त सर्वांत आधीची मर्यादा : त्याआधीचं शटर नाही, एवढंच.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. शटरच्या कड्यावर, भिंगाचं छिद्र किती उघडायचं ते सांगणारे आकडे होते : ४, ८, १६, ३२, ६४, १२८. आजचा कॅमेरा हाताळलेल्या कुणालाही ते चुकल्यासारखे वाटतील, कारण आपल्याला ४, ५.६, ८, ११, १६, २२ अशी माळ पाठ असते. मधले ५.६, ११, २२ गेले कुठे?

आजचा आकडा म्हणजे साधा भागाकार : भिंगाचं नाभीय अंतर (दूरची वस्तू काचेवर स्पष्ट उमटते तेव्हाचं भिंगापासून काचेपर्यंतचं अंतर) भागिले छिद्राचा व्यास. २०० मिलिमीटरच्या भिंगाचं छिद्र २५ मिलिमीटर असेल, तर आकडा ८. पण प्रकाश आत येतो छिद्राच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. म्हणून प्रकाश निम्मा करायचा, तर आकड्याला दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण १.४ ने गुणावं लागतं. ५.६, ११, २२ हे विचित्र आकडे तिथून येतात.

१८८१ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटनने वेगळी पद्धत पुढे केली : युनिफॉर्म सिस्टिम, संक्षेपात 'यू. एस.' (या दोन अक्षरांवरून भिंग अमेरिकन ठरवणारे विक्रेते आहेत. त्या हिशोबाने पुण्यातली शिवाजी नावाची प्रत्येक वस्तू शिवकालीन म्हणावी लागेल.) तिची कल्पना अशी : आजच्या आकड्याचा वर्ग करा आणि सोळाने भागा. ४ चा वर्ग १६, भागिले १६, म्हणजे १. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ४. ११ चा होतो ८, १६ चा १६ च राहतो, २२ चा ३२, आणि ३२ चा ६४. दोन्ही पद्धती फक्त १६ वर एकमेकींना भेटतात.

हा उपद्व्याप कशासाठी? त्या काळचा छायाचित्रकार बऱ्याचदा भिंगावरची टोपी काढून तोंडाने सेकंद मोजायचा. युनिफॉर्म पद्धतीत आकडा थेट वेळेच्या प्रमाणात चालतो. १६ ला चार सेकंद लागत असतील, तर ३२ ला आठ, ६४ ला सोळा. पहिलीतल्या पोरालाही जमेल असा हिशोब! शेवटी जिंकली ती वर्गमुळांची पद्धत, आणि मला अजूनही वाटतं की हरलेली जास्त शहाणी होती. कोडॅकने आपल्या कॅमेऱ्यांवर ती १९२० च्या दशकापर्यंत वापरली.

ज्यांना हे डोक्यावरून गेलं, त्यांनी फूटपट्टी घ्यावी. कॅमेरा खिडकीतून दूरच्या पाण्याच्या टाकीवर रोखा, घासलेल्या काचेवर उलटी टाकी स्पष्ट दिसेपर्यंत भाता सरकवा. छिद्रापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. आमचं भरलं आठ इंच, म्हणजे २०३ मिलिमीटर. मग छिद्र पूर्ण उघडून समोरून भिंगात दिसणारी त्याची रुंदी मोजली : जेमतेम २५. भागाकार आठ, आणि कड्यावर लिहिलंय चार. चार म्हणजे आठ! अशी आजच्या हिशोबात आठ आकड्याची, दोन जुळ्या अर्ध्या भागांची भिंगं १८६६ पासून बनत. पण कड्यावरची ही माळ १८८१ च्या आधीची असूच शकत नाही.

मग ब्रिटिश मापाची पेटी आणि अमेरिकन शटर एकत्र कसे? पेटीवर नाव नव्हतं. सागवान बघून लगेच 'ब्रिटिशकालीन' म्हणू नये. दमट हवेसाठी इंग्लंडमध्येही सागवानी, पितळेच्या कोपऱ्यांचे कॅमेरे बनत हे खरं. पण केरळात आलप्पुळला के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात 'वागीश्वरी' नावाचा कॅमेरा बनवायला घेतला, तोही थेट व्हिक्टोरियन वळणाचा. त्यांचं घराणं वाद्यं दुरुस्त करणारं. एका स्टुडिओवाल्याचा फाटलेला भाता दुरुस्तीला आला आणि त्यातून सगळं सुरू झालं म्हणतात. भाता हार्मोनियमचा काय नि कॅमेऱ्याचा काय, घडी घालणारे हात तेच. हे कॅमेरे देशभरच्या स्टुडिओंत गेले, आणि त्यातला एखादा पाटी हरवलेला नग आज कुणीही दीडशे वर्षांचा म्हणून खपवू शकतो.

फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं आमची आजी म्हणायची. निदान कॅमेऱ्याच्या बाबतीत उलटंच आहे. हात बदलला की त्याचं वय पन्नास वर्षांनी वाढतं.

शेवटी आम्ही भिंगाची फळी काढली. शटरभोवती लांबी भरून बुजवलेली तीन जुनी भोकं, आणि त्यांच्याबाहेर न उडालेल्या रंगाचं मोठं वर्तुळ, साडेतीन इंचांचं. तिथे आधी दुसरं, जाडजूड भिंग बसत होतं. मित्राने ते वर्तुळ कागदावर छापून घेतलंय आणि आता दर रविवारी त्या मापाचं पितळी कडं शोधत बाजारात फिरतोय.