लष्करी इंटरॉगेशन आणि कंपनीतली चौकशी: खोली सारखी, काम वेगळं

अमेरिकन लष्करातला इंटरॉगेटर, म्हणजे पकडलेल्या शत्रूकडून माहिती काढणारा माणूस, बाहेर पडून नोकरी शोधू लागला की त्याला ठरलेला सल्ला मिळतो: ‘तुला कसली काळजी? पोलिसात जा, नाहीतर एखाद्या बँकेच्या चौकशी विभागात. काम तेच.’ करिअरचे सल्लागार हे सांगतात, भरती करणारे सांगतात, आपल्याकडची जाणती मंडळीही सांगतात. मी इथे व्हर्जिनियात कंपनीअंतर्गत फसवणुकीच्या चौकशा करतो आणि लष्करातून आलेल्या सहकाऱ्यांबरोबर रोज बसतो. काम तेच नाही. या एका गैरसमजापायी चांगली माणसं पहिल्याच वर्षी अडचणीत येतात आणि चांगली प्रकरणं हातातून जातात.

कंपनीतली किंवा खात्यातली चौकशी तुम्हाला माहीत आहे. आरोपपत्र, चौकशी अधिकारी, सादरकर्ता अधिकारी, बचाव सहायक, जबाबाच्या प्रत्येक पानावर सही. अमेरिकेत तपशील वेगळे आहेत. युनियनचा सभासद असेल तर तो प्रतिनिधीला सोबत बसवू शकतो, आणि 1988 च्या कायद्यामुळे बहुतेक खासगी मालकांना पॉलिग्राफ (खोटं पकडण्याचं यंत्र) वापरता येत नाही. पण गाभा सारखाच: जबाब हाच पुरावा, आणि तो खोडून काढायची संधी समोरच्याला मिळालीच पाहिजे.

लष्करातलं काम मात्र लोकांना बहुधा सिनेमातूनच माहीत असतं, म्हणून ते नीट सांगतो. अमेरिकन लष्करात या पदाचा कोड 35एम. पूर्वी 97ई होता, आणि जुनी माणसं अजून तोच सांगतात. प्रशिक्षण ॲरिझोनातल्या फोर्ट वाचुकाला होतं. आजची नियमपुस्तिका सप्टेंबर 2006 ची आहे. तिच्यात 19 पद्धती दिल्या आहेत आणि 2005 च्या कायद्याने संरक्षण खात्यातल्या सगळ्यांवर ती बंधनकारक आहे. मारहाण, पाण्यात बुडवणं, कपडे उतरवणं, कुत्रे अंगावर सोडणं या सगळ्याला तिच्यात स्पष्ट मनाई आहे. इराकमधल्या अबू घ्रेब तुरुंगात अमेरिकनांकडून कैद्यांचा जो छळ झाला तो या विद्येचा नमुना नव्हता, या विद्येवरचा कलंक होता. अमेरिकन मरीन कोअरचे मेजर शेरवूड मोरान दुसऱ्या महायुद्धाआधी जपानमध्ये मिशनरी होते. जपानी कैद्याशी त्याच्या भाषेत, माणूस म्हणून बोललं तरच तो बोलतो, हे त्यांनी 1943 मध्येच लिहून ठेवलं होतं.

या खोलीत समोर बसलेला माणूस आरोपी नसतो. शत्रूच्या सैन्यात असणं हा गुन्हा नाही. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार त्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक आहे. इंटरॉगेटरला त्याची कबुली नकोच असते. कमांडरने पाठवलेली प्रश्नांची यादी त्याच्या हातात असते: तोफ कुठल्या गावामागे आहे, डिझेल कुठल्या रस्त्याने येतं, नवा अधिकारी कोण. मिळेल ते लिहून अहवाल पुढे जातो. तिथे तो ड्रोनच्या चित्रांशी, पकडलेल्या रेडिओ संदेशांशी, दुसऱ्या कैद्याच्या बोलण्याशी ताडून पाहतात. चुकीचं निघालं की बाजूला ठेवतात.

सगळ्यात जास्त घात करणारा फरक इथेच आहे. माहितीची खातरजमा खोलीच्या बाहेर होते, म्हणून खोलीच्या आत इंटरॉगेटर बरंच काही स्वतःच बोलू शकतो. एवढंच नाही, त्याला तसं बोलायलाच शिकवलेलं असतं.

या कलेचा नामांकित माणूस म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलाचा, लुफ्तवाफेचा, हान्स शार्फ. युद्धाआधी तो दक्षिण आफ्रिकेत विक्री व्यवसायात होता, त्यामुळे इंग्रजी अस्खलित. फ्रँकफर्टजवळच्या ओबरउर्सेलच्या तळावर तो पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांशी गप्पा मारायचा, त्यांना फिरायला न्यायचा. आवाज कधी चढवला नाही. आपल्याला सगळं आधीच माहीत आहे, असा त्याचा आव असे. वैमानिकाच्या स्क्वॉड्रनच्या, सहकाऱ्यांच्या गोष्टी तो स्वतःच सांगायचा आणि मध्येच एखादी चुकीची गोष्ट सहज सोडून द्यायचा. एक किस्सा नेहमी सांगितला जातो. अमेरिकन विमानांच्या गोळ्यांचा माग लालऐवजी पांढरा का दिसतो, हे जर्मनांना हवं होतं. शार्फ म्हणाला, तुमच्याकडे ते रसायन संपलं असेल. वैमानिकाने लगेच सुधारणा केली: छे, पांढरा माग म्हणजे गोळ्या संपत आल्याची खूण. आपण काही सांगितलं असं त्याला वाटलंही नाही. स्वीडनमध्ये या तंत्रावर प्रयोग झाले आहेत आणि आजही ते आदराने शिकवलं जातं. युद्धानंतर शार्फ अमेरिकेत आला आणि मोझाइकचा कलावंत झाला. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधल्या सिंड्रेला किल्ल्यातली मोझाइकची भित्तिचित्रं त्याच्या हातची आहेत.

आता हेच तंत्र कंपनीच्या चौकशीत आणा. आमच्याकडे एक सहकारी आला होता, 35एम म्हणून अनेक वर्षं काढलेला, तयारीला पक्का. प्रकरण गोदामातल्या खोट्या बिलांचं. त्याने आल्याआल्या जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. (नियमपुस्तिकेतली ही एक मान्य पद्धतच आहे. फाइल जाड दिसावी म्हणून कोरे कागदही घालतात.) मग शांतपणे सुरुवात केली: ‘मार्चमधली ती तीन बिलं आमच्याकडे आहेत. भंगार म्हणून दाखवलेली पॅलेटं कुठल्या ट्रकमधून गेली तेही माहीत आहे. सही तुझीच आहे.’ समोरचा सुपरवायझर खाली बघत ‘हो’ म्हणत गेला. अर्ध्या तासात कबुलीजबाब तयार, सहीसकट. सगळ्यांनी पाठ थोपटली.

पुढे त्याच्या वकिलाने रेकॉर्डिंग मागवलं आणि एकच प्रश्न विचारला: यातली कुठली गोष्ट माझ्या अशिलाने आधी सांगितली? एकही नव्हती. महिना, बिलं, ट्रक, पॅलेटं, सगळं पहिल्यांदा आमच्या माणसाच्या तोंडून आलं होतं. सुपरवायझरचे होते नुसते ‘हो’. त्या तीनपैकी एक बिल त्याचं नव्हतंच, हे नंतर कळलं. त्याने तेही कबूल केलं होतं. प्रकरण तडजोडीत संपलं.

युद्धक्षेत्रात त्या चुकीच्या ‘हो’ने फार बिघडलं नसतं. संध्याकाळपर्यंत दुसरीकडून खरंखोटं कळलं असतं. इथे खोलीबाहेर ताडून पाहणारं कोणी नाही. जबाब हाच शेवटचा माल, आणि त्यात तुमच्या तोंडचे तपशील मिसळले की तो नासला. दुधात विरजण पडल्यावर दूध परत मिळत नाही.

निरपराध माणूस कबुली देत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी नेब्रास्काचं प्रकरण वाचावं. 1955 मध्ये तिथल्या एका वनाधिकाऱ्याकडून जॉन रीड यांनी त्याच्याच पत्नीच्या खुनाची कबुली घेतली, आणि त्या कबुलीवर त्याला जन्मठेप झाली. पुढे अमेरिकेतल्या पोलिसांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलेलं तंत्र रीड यांच्याच नावाचं. खून दुसऱ्याच माणसाने केला होता. 2012 मध्ये राज्याने त्या अधिकाऱ्याची माफी मागून 5 लाख डॉलर दिले. इंग्लंड-वेल्सच्या पोलिसांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच वेगळी वाट धरली. तिथे आधी समोरच्याला मध्ये न अडवता सगळं सांगू द्यायचं आणि हातातले तपशील मागे ठेवायचे. मी याच पद्धतीच्या बाजूचा आहे, आणि कंपनीच्या चौकशीत दुसरी पद्धत वापरूच नये असं माझं ठाम मत आहे.

आपल्या कायद्याने तर हा फरक कलमातच घालून ठेवला आहे. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. पण त्याच कलमाचं परंतुक सांगतं की कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून काही सापडलं, तर त्या सापडण्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. पंचांसमोर निवेदन, मग विहिरीतून काढलेला कोयता, मग पंचनामा. ‘मी मारलं’ हे वगळलं जातं, ‘कोयता विहिरीत टाकलाय’ हे राहतं. लष्करी इंटरॉगेटर आयुष्यभर फक्त दुसऱ्या प्रकारची वाक्यं गोळा करतो. कंपनी त्याच्याकडून पहिल्या प्रकारचं वाक्य मागते आणि ते कसं टिकवायचं हे सांगत नाही.

आमिषाचंही तसंच. कैद्याला सिगारेट, बरं अंथरूण, घरी पत्र धाडायला मदत हे मर्यादेत चालतं. त्याला हक्काने मिळायलाच हवं ते मात्र आमिष म्हणून दाखवता येत नाही. कंपनीत ‘सही कर, पोलिसात जाणार नाही’ हे एक वाक्य जबाब निकालात काढायला पुरतं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कर्मचाऱ्याला उठून जायची मुभा असते, म्हणून दाराजवळची खुर्ची त्याला द्या. बायोडेटातून लष्करी लघुरूपं काढा. गोपनीय कामासाठीची सुरक्षा मंजुरी टिकवायची असेल तर साधारण 24 महिन्यांच्या आत ती लागणारी नोकरी धरा. शेवटच्या 180 दिवसांत लष्कराच्याच योजनेतून खासगी कंपनीत काम करून बघता येतं, ते जरूर करा.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून चीड आहे: ‘खोटं ओळखता येतं’ असं सांगून केलेली विक्री. नजर चुकवली, नाकाला हात लावला, म्हणजे खोटं. शेकडो अभ्यास एकत्र करून 2006 मध्ये आलेल्या विश्लेषणात माणसं खरंखोटं बरोबर ओळखण्याचं प्रमाण 54 टक्के निघालं, आणि चौकशीच्या धंद्यातली माणसंही फारशी पुढे नव्हती. चांगला इंटरॉगेटर हे जाणतो, तो चेहऱ्यावर नाही तर पडताळणीवर विसंबतो. म्हणून त्याला एचआरमध्ये मुलाखती घ्यायला बसवणं मला वाया घालवणं वाटतं. त्याने आश्रयाचे अर्ज तपासणारा अधिकारी व्हावं. तिथली मुलाखत नियमानेच वादी-प्रतिवादी थाटाची नसते आणि दुभाष्याबरोबर काम करण्याची सवय पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. किंवा कंपन्या विकत घेण्याआधीची पार्श्वभूमी तपासणी करावी. तिथे माहिती हवी असते, कबुली नाही. कंत्राटी कंपनीतून पुन्हा कैद्यांसमोर बसण्याला मात्र नागरी करिअर म्हणू नका. अबू घ्रेबमधल्या छळावरून एका कंत्राटदार कंपनीला व्हर्जिनियातल्या ज्यूरीने नोव्हेंबर 2024 मध्ये 4 कोटी 20 लाख डॉलर भरायला सांगितले.

आणि फसवणुकीच्या चौकशीतच यायचं असेल, तर अर्ज करण्याआधी एक सराव करा. मित्राबरोबर खोटी मुलाखत रेकॉर्ड करा, शब्दन्‌शब्द उतरवा, आणि जो जो तपशील आधी तुमच्या तोंडून आला त्याखाली लाल रेघ मारा. पहिल्या खेपेला पान लालच होईल. लाल रेघा फक्त तारखेपुरत्या आणि नावापुरत्या उरेपर्यंत पुन्हा करा, आणि मुलाखतीला जाताना तो कागद बरोबर न्या. समोर मी असेन तर तुमच्या पदकांच्या आधी तोच बघेन.