शातो वुड (छायाचित्र)

बेल्जियममधील ईप्र शहराच्या पूर्वेस, होगे या खेड्याजवळच्या ‘शातो वुड’ नावाच्या उद्ध्वस्त रानात 29 ऑक्टोबर 1917 रोजी घेतलेले छायाचित्र. छायाचित्रकार फ्रँक हर्ली हे ऑस्ट्रेलियन सैन्याचे अधिकृत छायाचित्रकार होते. त्याआधी ते ध्रुवीय संशोधक शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिका मोहिमेवर गेले होते. पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या लढाईने जमिनीची काय दशा केली हे दाखवताना आजही बहुधा हेच चित्र पुढे येते.

चित्रात लढाई नाही. चिखलावर टाकलेल्या लाकडी फळ्यांच्या अरुंद वाटेवरून ऑस्ट्रेलियन तोफखान्याचे पाच सैनिक चालले आहेत. भोवती फांद्या उडालेले उघडे बुंधे आणि पाण्याने भरलेले खड्डे. या आघाडीवर फळीवरून पाय घसरलेली माणसे आणि खेचरे चिखलात बुडून मेली आहेत. हे ठाऊक असले की सैनिक एकामागे एक का चालतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

दोष एकट्या पावसाचा नव्हता. फ्लँडर्सची जमीन सखल आणि चिकणमातीची. तिचा निचरा शेतकऱ्यांनी राखलेल्या चरांवर अवलंबून. 31 जुलै 1917 रोजी सुरू झालेल्या ईप्रच्या तिसऱ्या लढाईपूर्वी ब्रिटिश तोफांनी 40 लाखांहून अधिक गोळे डागले. त्यात चर बुजले आणि ऑगस्टमध्ये कोसळलेल्या पावसाला वाहून जायला वाटच उरली नाही. याच लढाईत सापडलेल्या पॅशनडेल गावाचे लढाईपूर्वीचे आणि नंतरचे हवाई फोटो शेजारी ठेवले, तर दुसऱ्यात घरे आणि रस्ते ओळखू येत नाहीत. दिसतात ते एकमेकांना खेटलेले खड्डे.

अवजड कॅमेरे आणि काचेच्या प्लेटा घेऊन प्रत्यक्ष हल्ला टिपणे फार कठीण होते. त्यामुळे या युद्धाची आठवण मुख्यतः हल्ल्यानंतरच्या दृश्यांनी घडवली. हर्ली यांना मात्र एका निगेटिव्हमध्ये लढाई मावत नाही असे वाटे, म्हणून ते अनेक निगेटिव्ह जोडून एक दृश्य रचत. इतिहासकार चार्ल्स बीन यांना ही बनावट वाटली. वाद इतका पेटला की हर्ली यांनी राजीनामा देऊ केला. शेवटी अशी मोजकी चित्रे, ती जोडचित्रे आहेत असे स्पष्ट सांगून, दाखवण्याची मुभा मिळाली. 12 निगेटिव्हांतून रचलेले हल्ल्याचे भव्य चित्र 1918 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात लागले. झोनेबेकजवळच्या जखमींच्या छायाचित्रावर तर त्यांनी दुसऱ्याच निगेटिव्हमधले ढगाळ, किरणांचे आकाश चढवले. या बाबतीत बीन यांचेच म्हणणे पटते: ज्या सकाळी माणसे जमिनीवर विव्हळत पडली होती, तिला उसने आकाश देण्याची गरज नव्हती. शातो वुड अशा सजावटीशिवाय अधिक सांगते.

ब्रिटिश बाजूने स्वपक्षाच्या मृतांची छायाचित्रे सहसा प्रसिद्ध होऊ दिली जात नसत. रिकामे रान, मोडके खंदक आणि ओसाड गावे यांना तशी आडकाठी नव्हती. मृत्यूची खूण म्हणून तीच वाचकांसमोर आली.

फ्रान्स-बेल्जियममधल्या या पश्चिम आघाडीवर महाराष्ट्राचाही वाटा आहे. 28 ऑक्टोबर 1914 रोजी फ्रान्समधील नव शापेल येथील चढाईत खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (लष्करी अभियंता दलाच्या) दोन कंपन्यांची मोठी हानी झाली. ती टिपायला अधिकृत छायाचित्रकार नव्हता: पश्चिम आघाडीवर पहिला अधिकृत ब्रिटिश छायाचित्रकार, अर्नेस्ट ब्रुक्स, नेमला गेला तो 1916 मध्ये. नव शापेल येथील 1927 च्या स्मारकावर 4,700 हून अधिक भारतीय सैनिकांची नावे कोरलेली आहेत.