सोलरचा इन्व्हर्टर हॅक झाला, तर सर्ट-इनला कसं कळवायचं?

महापे, रबाळे, वागळे इस्टेट या ठाणे-नवी मुंबईतल्या औद्योगिक वसाहतींमधल्या बऱ्याच शेडवर आता सोलर आहे. खाली बॅटरी आणि डीजी सेट (डिझेल जनरेटर). या सगळ्यांचा मेळ घालणारा कंट्रोलर इंटरनेटवर असतो. त्यात कोणी घुसलं की महावितरणला फोन जातो, इन्स्टॉलरला जातो. सर्ट-इन, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था, कोणाच्या गावीही नसते.

सायबर घटना कळवण्याबाबतचे सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. “आम्ही छोटे” म्हणून सुटका नाही. लघुउद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत फक्त वाढीव मुदत होती. स्काडावरचे (यंत्रांवर दुरून देखरेख आणि नियंत्रण ठेवणाऱ्या प्रणालीवरचे) आणि इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांवरचे हल्ले कळवायच्या यादीत आहेत.

मुदत सहा तासांची, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून तास मोजायचे. शनिवारी रात्री वॉचमनने स्क्रीनवरचा खंडणीचा मेसेज मालकाला कळवला, की वेळ सुरू. सोमवारी इन्स्टॉलर येऊन खात्री करेल, मग बघू, असं म्हणालात तर मुदत केव्हाच संपलेली असते. सहा तासांत पूर्ण अहवाल कोणी मागत नाही. हाताशी असेल तेवढं द्या: वेळ, उपकरणाचं मॉडेल, काय दिसलं, संपर्काचं नाव. बाकी नंतर. ईमेल किंवा १८००-११-४९४९ चालतो. १९३० हा पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. तिथे तक्रार केली म्हणजे इथलं काम झालं असं नाही.

आता कोणाकडेच नसलेला कागद: लॉग, म्हणजे उपकरणात कधी काय झालं याची आपोआप होणारी नोंद. नियमाप्रमाणे १८० दिवसांचे हवेत. प्रत्यक्षात ते इन्स्टॉलरच्या खात्यात, आणि एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपली की तो फोन उचलत नाही. सहा तासांच्या नियमात या माणसाचा विचार कोणी केलेला दिसत नाही! म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधीच मालकाचं खातं कंपनीच्या ईमेलवर करून घ्या, पासवर्ड बदला, लॉग दरमहा उतरवून ठेवा. उपकरणाचं घड्याळही तपासा. वीज गेल्यावर काही इन्व्हर्टर थेट १ जानेवारी २००० वर जातात. तसल्या तारखांचा लॉग असून नसल्यासारखा. घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायची, हेही त्याच निर्देशांत आहे.

आणि कृपा करून इलेक्ट्रिशियनला लगेच फॅक्टरी रीसेट मारू देऊ नका, पुरावा तिथेच पुसला जातो. आधी स्क्रीनचा फोटो काढा, मग इंटरनेटची केबल किंवा डोंगल काढा.