परदेश प्रवासाचा विमा काढताना दिव्यांगत्व कसं नोंदवायचं?

प्रवास विम्याच्या ऑनलाइन अर्जात बहुधा एकच प्रश्न असतो: आधीपासून काही आजार आहे का? दिव्यांगत्वासाठी वेगळा रकाना क्वचितच सापडतो. ‘पोलिओ लहानपणी झाला, आता कसला आजार?’ म्हणत बरेच जण ‘नाही’ निवडून मोकळे होतात. तसं करू नका. किती काळापर्यंतचा त्रास ‘आधीचा’ धरायचा, हे पॉलिसीतल्या व्याख्येवर ठरतं, आणि त्यात इजाही येऊ शकते. पण अर्जात ‘आजवर कधी’ असं विचारलं असेल, तर उत्तरही आजवरचंच द्यायचं.

‘६० टक्के दिव्यांग’ एवढंच लिहून भागत नाही. टक्केवारी सवलतींसाठी. कंपनीला हवं असतं कारण, सध्याची प्रकृती आणि चालू औषधं. मज्जारज्जूला इजा असेल तर लघवीचा संसर्ग, बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) हेही लिहा. परदेशात दवाखाना गाठायची वेळ बहुधा त्यांच्यामुळेच येते. रकाना नसेल तर ईमेलने कळवा आणि लेखी उत्तर मागा. एजंटने फोनवर दिलेला होकार दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

जवळ ठेवायचं: पासपोर्ट, डॉक्टरांचं ताजं पत्र, औषधांची चिठ्ठी, भरलेल्या अर्जाची प्रत. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर जोडा, पण ते डॉक्टरांच्या पत्राची जागा घेत नाही. विमा प्रवासाला निघण्याआधीच काढायचा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं.

माहिती दिली म्हणजे त्या त्रासाचा खर्च मिळेलच, असं नाही. अनेक पॉलिसींत जुन्या त्रासाला फक्त जीव धोक्यात असेल तेव्हा, तेही ठरावीक रकमेपर्यंत संरक्षण असतं. तेवढं कलम पैसे भरण्याआधी वाचाच.

व्हीलचेअरचं वेगळंच. सामानाच्या विम्यात बऱ्याचदा सामान हरवलं तरच भरपाई असते, मोडलं तर नाही. मोडतोडीची तक्रार विमानतळावरच नोंदवा. माँट्रियल करारानुसार (विमान कंपन्यांच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) सामान मिळाल्यापासून विमान कंपनीला ७ दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं.

दावा फेटाळला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क नाही, तिथे तक्रार करायची मुदत १ वर्षाची.