चर्चच्या आवारांचे स्वयंसेवी जतन (इंग्लंड व वेल्स)

पॅरिश (एका चर्चच्या कक्षेतील स्थानिक विभाग) चर्चभोवतीच्या भिंतबंद दफनभूमीतील कबरी, तेथील वनस्पती व प्राणी आणि त्या जागेशी निगडित गावाचा इतिहास यांची स्थानिक रहिवाशांनी विनावेतन केलेली देखभाल. अनेक आवारे मध्ययुगीन असून काही त्याहूनही जुनी असावीत. शतकानुशतकांच्या दफनांमुळे जुन्या आवारांत भोवतालची जमीन चर्चच्या पायापेक्षा उंच झालेली दिसते.

या जमिनीवर नांगर फिरला नाही आणि रासायनिक खतही फारसे पडले नाही, हे तिच्या समृद्धीचे मुख्य कारण होय. १९३० च्या दशकानंतर इंग्लंड व वेल्समधील फुलांनी समृद्ध अशी सुमारे ९७ टक्के गवताळ कुरणे नष्ट झाल्याचे मानले जाते. त्या कुरणांतील काउस्लिप, ऑक्स-आय डेझी, ग्रीन-विंग्ड ऑर्किड यांसारख्या वनस्पती आणि जुन्या, निकस गवताळ जमिनीतच वाढणारी वॅक्सकॅप गटातील रंगीत भूछत्रे आवारांत टिकून राहिली आहेत. स्लो-वर्म हा पाय नसलेला सरडा आणि वटवाघळेही येथे आढळतात. वटवाघळांना व त्यांच्या वसतिस्थानांना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्यामुळे चर्चच्या छपराची दुरुस्तीही ती लक्षात घेऊनच करावी लागते.

यू वृक्षाचा प्रश्न : आवारांतील सर्वांत चर्चिला गेलेला घटक म्हणजे यू हा सूचिपर्णी वृक्ष (हिमालयातील थुनेर याच वंशातला). तो चर्चच्या आवारातच इतका का आढळतो, याबद्दल एकमत नाही. लांब धनुष्यांच्या लाकडासाठी तो लावला जाई, हे लोकप्रिय मत फारसे टिकत नाही. धनुष्यांना लागणारे चांगले यू लाकूड मुख्यतः युरोप खंडातून येत असे आणि १४७२ च्या कायद्याने परदेशी व्यापाऱ्यांवर मालाबरोबर धनुष्याच्या काठ्या आणण्याची सक्ती केली होती. पाने विषारी असल्याने गुरे आवारापासून दूर राखली जावीत म्हणून तो लावला, असे दुसरे मत आहे. ते काही ठिकाणी खरे असेल, पण वृक्षांच्या प्रचंड वयाचा उलगडा त्यातून होत नाही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या कारकिर्दीच्या अखेरीच्या, सामान्यतः १३०७ च्या मानल्या जाणाऱ्या कायद्याने धर्मगुरूंना आवारातील झाडे मनमानी तोडण्यास मनाई केली. झाडे चर्चला वाऱ्यापासून आडोसा देतात, असे कारण त्यात दिले आहे. मात्र यूचा वेगळा उल्लेख नाही. ख्रिस्तपूर्व पवित्र स्थळांवर चर्च उभारली गेली व वृक्ष तेथे आधीपासूनच होते, हे मत आकर्षक असले तरी त्याला थेट पुरावा तुटपुंजा आहे. वेल्समधील आरंभीच्या संतांच्या मठकुट्यांभोवती, अंदाजे पाचव्या ते आठव्या शतकांत, यू लावले गेले असावेत हे मत त्या मानाने अधिक सावध व अधिक ग्राह्य वाटते.

कालनिश्चितीची मूळ अडचण झाडातच आहे. वाढत्या वयाबरोबर यूचा गाभा कुजून खोड पोकळ होते. त्यामुळे खोडातील सर्वांत जुनी वार्षिक वर्तुळे मोजता येत नाहीत आणि कार्बन-१४ पद्धतीने तपासण्याजोगे सर्वांत जुने लाकूडही उरत नाही. खोडाच्या घेरावरून वय काढावे, तर वाढीचा वेग काळानुसार बदलतो आणि झाड दीर्घकाळ जवळजवळ थांबूनही राहते. स्कॉटलंडमधील फोर्टिंगल येथील यूचा घेर १७६९ मध्ये ५२ फूट (सु. १६ मी.) भरला होता. त्याचे वय २,००० पासून ५,००० वर्षांपर्यंत सांगितले जाते. यांपैकी खालचे आकडे स्वीकारणे इष्ट. हॅम्पशरमधील सेलबोर्नचा यू, ज्याचा घेर निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात २३ फूट नोंदवला होता, जानेवारी १९९० च्या वादळात कोसळला. तो पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न झाला, पण झाड जगले नाही.

शैवाक व गवत : ब्रिटनमधील सुमारे २,००० शैवाक (दगडफुलासारख्या) जातींपैकी ७०० हून अधिक जाती चर्चच्या आवारांतून नोंदल्या गेल्या आहेत. इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण भागांत नैसर्गिक खडक जवळजवळ नाही. तेथे कबरीवरचे वालुकाश्म, चुनखडी व स्लेटचे दगड हेच शैवाकांचे आश्रयस्थान ठरते. काही जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात, म्हणून ब्लीच आणि तारेचा ब्रश शतकाची वाढ एका दुपारी संपवू शकतात. आपल्या माणसाचा दगड लख्ख दिसावा ही वारसांची भावना मनापासूनची असते. स्वयंसेवकांना त्यांच्याशी सबुरीने बोलावे लागते.

गवताच्या बाबतीतही तसेच. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर यंत्राने कापता यावे म्हणून अनेक ठिकाणी कबरींच्या कडा काढल्या गेल्या, दगड भिंतीशी हलवले गेले. या टापटिपीने इतिहास व निसर्ग दोहोंचे झालेले नुकसान दुर्लक्षामुळे झालेल्या नुकसानाहून कमी नाही. उलट नुसते सोडून दिले, तर काटेरी झुडपे कुरणावर चढतात. आजची रूढ पद्धत मध्यम आहे : वाटा व ताज्या कबरींभोवतीचे गवत आखूड, उरलेले उन्हाळ्यात बी धरेपर्यंत वाढू देऊन बहुधा जुलैअखेर वा ऑगस्टमध्ये लांब दांड्याच्या विळ्याने कापायचे. कापलेले गवत उचलून नेणे अत्यावश्यक. ते तेथेच कुजले तर माती सुपीक होते आणि जोमदार गवत रानफुलांना दडपते.

लेख व हक्क : पॅरिशमधील बाप्तिस्मा, विवाह व दफने नोंदण्याचा आदेश १५३८ चा आहे, आवारातील सामान्यांच्या कबरींचे दगड मात्र प्रामुख्याने सतराव्या शतकापासूनचे मिळतात. वालुकाश्म पापुद्र्यांनी सुटतो, म्हणून अक्षरे वाचता येत आहेत तोवर त्यांची नक्कल करण्याचे काम कुटुंबेतिहास मंडळांचे सभासद करीत आले आहेत. खडू वा दाढीचा फेस लावून अक्षरे उठवण्याची पद्धत आता त्याज्य मानतात. आरशाने तिरपा उजेड टाकून छायाचित्र घेतात.

दगड सामान्यतः वारसांच्या मालकीचा असतो. इंग्लंडच्या अधिकृत (अँग्लिकन) चर्चच्या आवारात मोठा बदल करायचा तर धर्मप्रांताच्या न्यायालयाची ‘फॅकल्टी’ म्हणजे परवानगी लागते. १८५२–५३ च्या दफन कायद्यांनंतर शहरांतील अनेक आवारे दफनासाठी बंद झाली. अशा बंद आवारांच्या देखभालीची जबाबदारी १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार स्थानिक परिषदेकडे सोपवता येते.

स्वयंसेवी गटांना मार्गदर्शन करणारी प्रमुख संस्था ‘केअरिंग फॉर गॉड्स एकर’ ही आहे. २०२१ पासून जूनमध्ये भरणाऱ्या ‘चर्चेस काउंट ऑन नेचर’ या आठवड्यात आवारांतील वनस्पती-प्राण्यांची लोकसहभागातून नोंद होते. दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या अशाच जतनासाठी थिऑन विल्किन्सन यांनी १९७६ मध्ये ‘बॅक्सा’ (ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया) ही संस्था स्थापली. कबरींवरील लेखांची नोंद व डागडुजीसाठी साहाय्य हे तिचे काम असून तिचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.