लडीचा घेर आणि ओळीची लांबी

हाताने रंगवलेल्या लोकरीची एक लड घ्या. गुलाबी, नारिंगी, निळा, जांभळा असे चार रंग, प्रत्येकाची लांबी सारखी. सुई तीच, हात तेच, वीण साधी सुलट. गोल सुईवर १२५ टाके घातले तर टोपीवर चार रुंद उभे पट्टे येतील. १३० टाके घातले तर तेच पट्टे कलतील आणि जिन्यासारखे फिरत वर जातील. ७७ टाक्यांची बाही विणली तर पट्टा कुठे दिसणारच नाही, चारही रंग विखरून जातील. यातला कोणताच नमुना विणणारीने विणलेला नाही. तो आलाय एका भागाकाराच्या बाकीतून.

लड म्हणजे धाग्याचं मोठं, सैल वेटोळं. त्याचा घेर दीड मीटर धरू. मोज्यांसाठी वापरतात तसल्या बारीक लोकरीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० मीटर धागा असतो, म्हणजे लडीत अडीचशेहून जास्त फेरे झाले. रंगवताना ही लड भिजवून लांबट पसरतात आणि तिच्या एका भागावर गुलाबी, पुढच्यावर नारिंगी असे रंग ओततात. रंग एका धाग्यावर पडत नाही, तिथल्या सगळ्या फेऱ्यांवर एकदम पडतो. त्यामुळे लड सोडून गोळा केला की धाग्यावर दर दीड मीटरला तोच क्रम पुन्हा येतो: गुलाबी, नारिंगी, निळा, जांभळा, पुन्हा गुलाबी.

आता टाक्याकडे या. दहा सेंटीमीटरमध्ये ३० टाके बसत असतील तर एक टाका जेमतेम सव्वातीन मिलिमीटर रुंद दिसतो. पण तो फास आहे, वर जाऊन खाली येतो, म्हणून धागा खातो साधारण १.२ सेंटीमीटर. दीडशेला १.२ ने भागलं की १२५. याचा अर्थ असा, की रंगांचं एक पूर्ण आवर्तन १२५ टाक्यांत संपतं आणि एकेका रंगाच्या वाट्याला ३१ टाके येतात. फेरीत बरोबर १२५ टाके असतील तर पुढच्या फेरीचा गुलाबी मागच्या गुलाबीवरच बसणार. बाकी शून्य, पट्टे उभे. १३० असतील तर प्रत्येक फेरीत रंग पाच टाके सरकणार आणि २५ फेऱ्यांनी मूळ जागी येणार. मोबाइलवर पंख्याचा व्हिडिओ काढला की पाती कधी थबकलेली दिसतात, कधी संथपणे उलटी फिरताना. तिथेही दोन आवर्तनं जवळजवळ जुळतात आणि उरलेला किंचित फरक डोळ्यांना गती म्हणून दिसतो. स्वेटरवर तो तिरप्या रेषेसारखा दिसतो, एवढंच.

मग ७७ आकड्यात काय आहे? ७७ म्हणजे १२५ च्या सुमारे ०.६१८ पट. हे सुवर्ण गुणोत्तर. सूर्यफुलात प्रत्येक नवं बी आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर येतं ते याच गुणोत्तरामुळे. या अंतराने पुढे सरकत राहिलं तर जुन्या जागेवर परत येणं शक्य तितकं टळतं आणि वाटप सगळ्यांत समान होतं. हेच गणित १२५ टाक्यांच्या आवर्तनाला लावलं तर ७७ किंवा २०२ टाक्यांच्या फेरीत रंग सर्वांत छान मिसळायला हवेत. २०२ टाके म्हणजे साधारण सात-आठ वर्षांच्या मुलाच्या स्वेटरचा घेर, त्यामुळे हे नुसतं कागदावरचं गणित नाही. शिवाय इथे हात थोडा सैल-घट्ट झाला तरी फारसं बिघडत नाही. ज्यांना उभे पट्टे मुद्दाम हवेत त्यांची मात्र कसोटी लागते. टाक्याला एक टक्का जास्त धागा गेला, तर १२५ चं आवर्तन १२३.७५ च्या आसपास येतं. दर फेरीला सव्वा टाका घसरला की २५ फेऱ्यांत पट्टा एका पूर्ण रंगाएवढा बाजूला जातो. मालिका बघताना विणलेल्या ओळी आणि मॅच बघताना विणलेल्या ओळी अशा लोकरीत लपत नाहीत.

दोन सुयांवर उलटसुलट वळून विणताना गंमत आणखी वाढते. एक ओळ उजवीकडून डावीकडे, पुढची डावीकडून उजवीकडे. वळणापाशी धागा मागे फिरतो, म्हणून कडेला एकच रंग दोन ओळी दिसतो आणि कडेपासून दूर जावं तसे शेजारच्या ओळींचे रंग वेगळे होतात. ओळीत आवर्तनापेक्षा एकच टाका कमी किंवा जास्त ठेवला, तर जाणाऱ्या ओळींच्या तिरप्या रेषा एका दिशेने आणि येणाऱ्या ओळींच्या दुसऱ्या दिशेने सरकतात. त्या एकमेकींना छेदल्या की शंकरपाळ्यांसारख्या चौकटी तयार होतात. क्रोशे करणाऱ्या अनेक जणी हे मुद्दाम करतात. प्रत्येक रंग ठरल्या टाक्यालाच संपावा म्हणून हात सैल-घट्ट करत बसतात. मला हा प्रकार चिकाटीचा वाटतो, आरामाचा अजिबात नाही.

आपल्याकडे धागा आधी रंगवून नमुना नंतर उमटवण्याची कला फार जुनी आहे. गुजरातेतल्या पाटणच्या पटोळ्यात ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवतात आणि मागावर रंगाला रंग जुळवत जातात. पटोळे विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, असं परंपरा सांगते. पण मागावर कापडाची रुंदी ठरलेली असते. बाणा सरळ जातो आणि विणकर तो हाताने नेमका बसवू शकतो. सुईवरच्या विणकामात प्रत्येक टाका स्वतःच्या मर्जीने धागा ओढतो, म्हणून पटोळ्यातला नेमकेपणा इथे मागायचा नाही.

आता रंग धाग्यावर जिथे ओतला तिथेच का थांबतो, ते पाहू. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांतलंच प्रथिन. त्याच्या साखळ्यांवर अमिनो गट असतात. पाण्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल घातलं की सामू (पीएच) उतरतो आणि हे गट धनभारित होतात. लोकरीसाठी वापरतात त्या आम्लधर्मी रंगांच्या रेणूंवर ऋणभारित सल्फोनेट गट असतात. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात आणि रेणू तंतूला धरतात. पण नुसतं पृष्ठभागावर चिकटून भागत नाही. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात आणि आत शिरायला उष्णता लागते. लड ८५-९० अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धा तास वाफवली की तंतू फुगतात, रेणू आत जातात आणि पातेल्यातलं पाणी चक्क नितळ होतं. गडद जांभळ्या पाण्यात बुडवलेली लड बाहेर काढावी आणि खाली स्वच्छ पाणी उरावं, हे पहिल्यांदा बघताना जादूच वाटते.

गिरणीत मात्र सगळा आटापिटा नेमका उलट असतो. तिथे रंग हळू आणि सगळीकडे सारखा चढावा लागतो. म्हणून तापमान सावकाश वाढवतात, आम्ल जपून घालतात आणि काही रंगांच्या बाबतीत सोडियम सल्फेटही घालतात. त्यातले सल्फेट आयन तंतूवरच्या जागांसाठी रंगाच्या रेणूंशी स्पर्धा करतात आणि त्यांचा वेग कमी करतात. हाताने रंगवणारी बाई लड आधीच आम्लात भिजवते, गरम ठेवते आणि वरून रंग ओतते. रेणूला पसरायला वेळच मिळत नाही, तो पडला तिथे पकडला जातो. कोणी कोरडी भुकटी चिमटीने शिंपडून ठिपके काढतं. गिरणी जो डाग म्हणून बाद करेल, तो इथे माल म्हणून महाग विकला जातो. उरुग्वेमध्ये १९६८ साली खेड्यांतल्या कारागीर स्त्रियांसाठी सुरू झालेल्या ‘मानोस देल उरुग्वाय’ या सहकारी उपक्रमाची लोकर अशा असमान रंगासाठीच जगभर ओळखली जाते.

‘सुपरवॉश’ असं लिहिलेल्या लोकरीवर क्लोरीनची प्रक्रिया करून खवले बोथट करतात आणि वर रेझिनचा पातळ थर देतात. त्यामुळे ती धुताना आटत नाही आणि रंगही फार लवकर व खोलवर पिते. एकच रंग साध्या लोकरीवर फिका-मऊ आणि सुपरवॉशवर भडक दिसतो तो यामुळे.

घरगुती सल्ल्यांबद्दल इथेच सांगते. नवा रंग जाऊ नये म्हणून कपडा मिठाच्या पाण्यात भिजवायचा, हा सल्ला सुताकडून आलेला आहे. सुती कापड रंगवताना मीठ रंगाला तंतूकडे ढकलतं, लोकरीवर आम्लधर्मी रंग चढवताना ते उलट आड येतं. थंड पाण्यात व्हिनेगर घालूनही फारसा उपयोग नाही, कारण उष्णतेशिवाय रेणू आत जात नाहीत. आणि आपल्याकडे बाळाची टोपरी, झबली, स्वेटर ज्याचे विणतो ती ‘लोकर’ बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. तिच्यावर हे रंग चढतच नाहीत, कारण तिला धनभारित रंग लागतात. खात्री करायची तर धाग्याचा एक बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. दुकानात मिळणारी ‘शेडेड’ ॲक्रिलिक यंत्रावर रंगवलेली असली तरी तिच्यावरही रंग ठरावीक अंतराने परत येतात, त्यामुळे बाकीचं गणित तिलाही लागू आहे.

लड सुंदर आणि स्वेटर भुरकट, ही तक्रार मात्र डोळ्यांची आहे. लडीत एकेक रंग जुडीने एकत्र दिसतो. विणल्यावर त्याचे टाक्याटाक्याचे तुकडे होतात आणि शेजारी दुसरे रंग येतात. मिशेल यूजेन शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. १८२४ पासून तो पॅरिसच्या गोबलां या भिंतीवरचे चित्रमय पडदे विणणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात रंगशाळेचा प्रमुख होता. काळा रंग पुरेसा काळा नाही अशी विणकरांची तक्रार होती. त्याने तपासलं तेव्हा रंगात खोट निघाली नाही. शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका दिसत होता. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ साली आला. शिवाय उजेड-अंधारातला बारीक फरक डोळ्यांना जितका स्पष्ट दिसतो, तितका नुसत्या रंगातला दिसत नाही. चार-पाच पावलांवरून लाल आणि हिरवे टाके एकमेकांत विरघळू लागतात आणि हाती येतो मातकट तपकिरी. निळा-जांभळा-गुलाबी असे शेजारचे रंग मिसळले तरी गोड दिसतात.

म्हणून विकत घेण्याआधी लडीचा फोटो काढून मोबाइलवर तो कृष्णधवल करून बघावा. सगळी लड जवळपास सारख्या करड्या छटेत दिसली तर तिच्यावर जाळीची वीण, वेण्या, काहीही खुलेल. पांढरे-काळे तुकडे दिसले तर डोळा त्या तुकड्यांनाच आकार समजेल आणि कष्टाने घातलेली जाळी कोणाला दिसणारही नाही. तिथे साधी वीणच बरी. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर आणखी चांगलं, कारण त्या विणीत उलट टाक्यांच्या गाठी शेजारच्या ओळीत घुसतात आणि रंगांच्या कडा तुटतात.

शाल आणि स्वेटर यांत मी अशा लोकरीसाठी डोळे मिटून शाल निवडेन. वरून सुरू होणाऱ्या त्रिकोणी शालीत दर दोन ओळींना चार टाके वाढतात. सात टाक्यांपासून सुरुवात केली तर ओळीची लांबी सतत बदलत राहते. सुरुवातीला आडवे पट्टे, साधारण ६२ टाक्यांपाशी थोडा नमुना, मग सरमिसळ, साठाव्या ओळीच्या सुमारास १२५ टाक्यांपाशी पुन्हा नमुना. पण बाकी प्रत्येक ओळीला बदलत असल्यामुळे तिथल्या रेषा सरळ न राहता कमानीसारख्या वाकतात आणि आठ-दहा ओळींत विरून जातात. रंगाचं डबकं साचायला सवडच मिळत नाही.

स्वेटरमध्ये उलट घडतं. मोठ्या माणसाचा घेर ३०० टाके धरा, म्हणजे आवर्तनाच्या २.४ पट. अंग छान मिसळून येतं आणि विणणारी खूश असते. मग बगलेपाशी टाके कमी होतात, पुढचा भाग वेगळा निघतो आणि ओळीत उरतात ११८ टाके. १२५ ला फक्त सात कमी. ज्या छातीकडे सगळ्यांची नजर जाते तिथेच भलेमोठे तिरपे डाग उगवतात. पुढे खांद्यावर ३० टाके राहिले की एकेक ओळ एकेका रंगाची होते. एकाच स्वेटरवर तीन वेगळ्या कपड्यांची ठिगळं लावल्यासारखं दिसतं.

यावर जुना, खात्रीचा उपाय म्हणजे दोन लडी घेऊन दर दोन ओळींनी धागा बदलणं. दोन्ही लडींचे क्रम वेगवेगळ्या ठिकाणी सुरू असतात, त्यामुळे एकीचा गुलाबी दुसरीच्या गुलाबीवर बसत नाही. हाताने रंगवलेल्या दोन लडी कधीच तंतोतंत सारख्या नसतात, तो फरकही यात झाकला जातो. कडेला धागे एकमेकांत गुंततात, त्यांना तेवढं सोडवत राहायचं. हे टाळायचं असेल तर बगलेपर्यंत बहुरंगी आणि वरचा भाग त्यातल्याच एका रंगाच्या साध्या लोकरीने विणावा. बाह्यांची चिंता नको. मनगटाच्या ६० टाक्यांपासून दंडाच्या १०० टाक्यांपर्यंत त्या सतत वाढत जातात आणि वाटेत ७७ वरूनच पुढे जातात.